‘नाइस’ या शब्दाचे वजन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी शिकवणारी छोटी सदरे मराठी वर्तमानपत्रांतून येत असतात आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शक पुस्तके तर शब्दयाद्यांवरच उभी असतात. या याद्यांची रीत ठरलेली आहे. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एक मराठी शब्द आणि मध्ये बरोबरचे चिन्ह. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू, अशा नामांपुरती ही रीत चालून जाते. विशेषणांच्या बाबतीत, आणि त्यातही पसंती दाखवणाऱ्या विशेषणांच्या बाबतीत, ती कशी तोकडी पडते हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम सर्वांत सोपा समजला जाणारा शब्द घेते, तो म्हणजे ‘नाइस’. ‘नाइस म्हणजे छान’ हे समीकरण प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. ते खोटे नाही, पण इतके अपुरे आहे की त्यावर विसंबून शिफारसपत्र लिहिणारा, न्यायालयाचा निकाल मराठीत आणणारा आणि जुने इंग्रजी कागद वाचणारा, असे तिघेही तोंडघशी पडू शकतात.

शिफारसपत्राविषयी आधी लिहिते, कारण तिथे होणारे नुकसान एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे असते. परदेशी विद्यापीठांत प्रवेश मागणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांची पत्रे लागतात, आणि एखादे सज्जन प्राध्यापक अगदी मनापासून लिहून जातात की हा विद्यार्थी ‘अ व्हेरी नाइस बॉय’ आहे. लिहिणाऱ्याच्या मनात सालस, गुणी, वडीलधाऱ्यांचा मान राखणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असे सगळे असते. तिकडे पत्र वाचणाऱ्याला मात्र एवढेच कळते की या मुलाच्या बुद्धीविषयी, कष्टांविषयी किंवा प्रयोगशाळेतल्या कामाविषयी शिक्षकाला सांगण्यासारखे काही सापडले नाही, म्हणून तो स्वभावावर आला. स्थळ पाहून परतलेली मंडळी ‘मुलगा तसा बरा आहे’ एवढेच बोलून गप्प बसली की घरातल्यांना जे समजायचे ते समजते, तसाच हा प्रकार आहे. मिळमिळीत स्तुती करूनच माणसाला बुडवण्याच्या या कलेला अलेक्झांडर पोप या कवीने १७३५ साली एका ओळीत पकडले, आणि ती ओळ इंग्रजीत वाक्प्रचार होऊन बसली. त्या कलेसाठी आजच्या इंग्रजीत ‘नाइस’इतका हाताशी असलेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल.

याचा अर्थ ‘नाइस’ हा निंदेचा शब्द आहे असा मुळीच नाही. शेजाऱ्याविषयी ‘ही इज अ नाइस मॅन’ म्हटले तर ती निखळ पसंती असते, आणि तिथे त्याहून मोठा शब्द वापरला तर उलट तो खोटा वाटेल. शब्दाचे वजन तेच राहते. समोरच्याची अपेक्षा किती आहे, यावर ते पुरेसे ठरते की तोकडे पडते. म्हणूनच माझ्या मते ‘नाइस’चे मराठीतले खरे भावंड ‘छान’पेक्षा ‘बरा’ हे आहे. ‘तुम्ही आलात, बरे वाटले’ यातल्या ‘बरे’मध्ये मनापासूनचा उबदारपणा आहे, ‘सिनेमा बरा होता’ यात थंडपणा आहे, आणि ‘बरा सापडलास!’ यात चक्क टोमणा आहे. एवढा पल्ला ‘छान’ला झेपत नाही, ‘नाइस’ला मात्र सहज झेपतो. इंग्लंडमधल्या माणसाने ‘क्वाइट नाइस’ म्हटले तर तो बहुधा ‘बऱ्यापैकी’ म्हणत असतो, आणि तेच दोन शब्द अमेरिकन माणसाच्या तोंडी आले तर बहुधा ‘चांगलेच छान’ असा अर्थ होतो. या बारीक फरकावरून अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरच्या लोकांचेही आपसात गैरसमज होतात, तेव्हा आपण त्यात अडखळलो तर नवल नाही.

आता हा शब्द आला कुठून ते पाहू, कारण त्याचा इतिहास माहीत नसेल तर पुढचे काही उलगडत नाही. लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. या दोहोंपासून ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण, अज्ञ असा शब्द झाला. आपल्याकडे ‘ज्ञ’ला ‘अ’ लावून ‘अज्ञ’ होतो, त्याच घडणीचा हा शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये तो झिजून ‘नीस’ झाला आणि त्याचा अर्थ खुळा, मूर्ख असा राहिला. त्याच अर्थाने तो १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी कोणी कोणाला ‘नाइस’ म्हणाला असता तर मारामारी झाली असती. गंमत अशी की ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’, म्हणजे विज्ञान आणि सदसद्विवेक, हे दोन्ही शब्द त्याच ‘स्किरे’ धातूतून आले आहेत. शिफारसपत्रात ज्या विद्यार्थ्याला ‘कॉन्शिएन्शस’, म्हणजे मन लावून चोख काम करणारा, म्हणावे, त्याला आपण ‘नाइस’ म्हणतो तेव्हा एकाच घराण्यातल्या दोन शब्दांपैकी नेमका अज्ञानाकडचा निवडलेला असतो.

चौदाव्या शतकातला कवी चॉसर हा शब्द खुळचट याच अर्थाने वापरतो, आणि त्यातले एक ठिकाण तर असे आहे की भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते पाहावे. ट्रॉयलस आणि क्रिसेडा यांच्यावरच्या दीर्घकाव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी तो म्हणतो की हजार वर्षांच्या अवधीत बोलण्याची रूपे बदलतात, आणि ज्या शब्दांना पूर्वी मोल होते ते आज आपल्याला फारच खुळचट आणि परके वाटतात, तरी लोक तेव्हा तसेच बोलत असत. यातल्या ‘खुळचट’साठी त्याने जो शब्द योजला आहे तो ‘नाइस’च आहे, अर्थात त्या काळच्या वर्णलेखनात. शब्दांचे अर्थ बदलतात हे सांगणाऱ्या वाक्यातला एक शब्द पुढे स्वतःच इतका बदलला की आजच्या वाचकाला ते वाक्य टीपेशिवाय कळत नाही.

खुळा या अर्थापासून छान या अर्थापर्यंत हा शब्द कसा पोहोचला? ढोबळ मार्ग असा सांगता येतो की खुळा म्हणजे बुजरा, बुजरा म्हणजे नको तितका संकोची, संकोची म्हणजे नाजूक मनाचा, नाजूक मनाचा म्हणजे चोखंदळ, चोखंदळ म्हणजे बारकाईने पारखणारा, आणि बारकाईने पारखून घेतलेली वस्तू अर्थातच मनाला आवडणारी. कागदावर ही शिडी देखणी दिसते, परंतु प्रत्यक्षात पायऱ्या एवढ्या सुट्या नव्हत्या. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतल्या पुष्कळ उदाहरणांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे अवघड आहे, असे ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशानेही नोंदवून ठेवले आहे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये टिबॉल्टबरोबरच्या भांडणाला बेनव्होलिओ ‘नाइस’ म्हणतो, तेव्हा त्याला क्षुल्लक म्हणायचे असते, आणि रोमिओपर्यंत न पोहोचलेल्या पत्राविषयी ‘ते पत्र नाइस नव्हते’ असे फ्रायर लॉरेन्स म्हणतो, तेव्हा ते पत्र क्षुल्लक नव्हते, फार महत्त्वाचे होते, असा अर्थ असतो. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला मात्र वाटेल की पत्रात काहीतरी वाईटसाईट लिहिले होते. या नाटकाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची अशी फसगत होऊ नये, ही जबाबदारी शिक्षकाची आणि टीपा लिहिणाऱ्याची आहे.

अठराव्या शतकात, सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये निघाला तेव्हा, सुशिक्षितांच्या लेखी या शब्दाचा मुख्य अर्थ काटेकोर, बारीक, चोखंदळ असाच होता. आवडण्याजोगा, सुखद हा अर्थ त्याच शतकाच्या उत्तरार्धात बोलण्यात रुळला आणि पाहता पाहता इतका फोफावला की जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत त्याची खिल्ली उडवली. ती कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बाथ शहराजवळच्या टेकडीवर तिघे फिरायला निघालेले असतात, आणि तरुण कॅथरीन आपल्या आवडत्या कादंबरीला जगातले ‘सर्वांत नाइस’ पुस्तक म्हणते. त्यावर हेन्री टिल्नी म्हणतो की सर्वांत नाइस म्हणजे सर्वांत नीटनेटके असेच ना, मग ते बांधणीवर अवलंबून असणार. पुढे तो सुनावतो की आजचा दिवस नाइस, आपला हा फेरफटका नाइस, तुम्ही दोघी मुलीही फार नाइस. किती सोयीचा शब्द, सगळ्याला चालतो!

हा उतारा शब्दशुद्धीचे अभिमानी ‘पाहा, ऑस्टिनलाही हा शब्द खपत नव्हता’ असे म्हणत उद्धृत करतात. मला तो दाखला अर्धवट वाटतो. त्याच जागी हेन्रीची बहीण कॅथरीनची बाजू घेते आणि तिला बजावते की शब्द बदल, नाहीतर उरलेल्या वाटेत आपल्यावर जॉन्सन आणि ब्लेअर यांचा भडिमार होईल, म्हणजे कोशकाराचा आणि त्या काळच्या प्रसिद्ध साहित्यशास्त्रकाराचा. भावालाही ती सोडत नाही. तू शहाणा कमी आणि ‘नाइस’ जास्त आहेस, असे ती त्याला ऐकवते. इथे ‘नाइस’चा अर्थ नको तितका चिकित्सक. म्हणजे एकाच संवादात ऑस्टिनने नवा अर्थ कॅथरीनच्या तोंडी दिला, जुना अर्थ बहिणीच्या तोंडी दिला, आणि हसू मात्र त्या पंडिताचे केले. तिला हा शब्द नको होता असे या प्रसंगावरून सिद्ध होत नाही. फार तर इतके म्हणता येईल की तो शब्द उधळपट्टीने वापरणाऱ्यांचे आणि त्यावरून इतरांना टोकणाऱ्यांचे, दोघांचेही तिने चित्र काढले.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९२६ मध्ये, हेन्री फाउलरने आपल्या इंग्रजी वापरकोशात या शब्दाविषयी लिहिताना सगळा दोष स्त्रियांच्या माथी मारला. हा शब्द स्त्रियांचा फार लाडका झाला, आणि त्यांनी त्याचे सारे व्यक्तित्व हरण करून त्याला अंधूकशा, सौम्य गोडव्याचे साधन करून टाकले, असा त्याचा सूर आहे. फाउलर हा मोठा जाणकार आणि त्याचा कोश आजही वाचनीय आहे. पण या नोंदीत जाणकारीपेक्षा त्या काळच्या क्लबातल्या गप्पांचा वास अधिक येतो. शब्द सगळेच वापरतात आणि सगळ्यांच्या वापराने ते झिजतात.

झीज आणि उलथापालथ ही केवळ इंग्रजीची खोड नाही. आपण ज्याला ‘मस्त’ म्हणतो तो शब्द फारसीत नशेत असलेला, धुंद अशा अर्थाचा आहे, आणि तरीही कोणी आजीबाई ‘आमटी मस्त झाली’ म्हणाल्या तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. उलट दिशेचे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो, आणि त्याच्या लेखांचे तुकडे नालासोपाऱ्याला सापडलेले आहेत. पुढे संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत मात्र ‘देवानांप्रिय’ हा शब्द मूर्ख या अर्थाने नोंदला गेला. इंग्रजीत मूर्खाचा ‘छान’ झाला, आपल्याकडे देवांच्या लाडक्याचा मूर्ख झाला.

जुने अर्थ नव्याने पूर्णपणे पुसले असते तर हा सारा इतिहास हौशी लोकांपुरता राहिला असता. तसे झालेले नाही, आणि माझ्या मते या पत्रातला सर्वांत व्यवहाराचा मुद्दा हाच आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ किंवा ‘अ नाइस पॉइंट’ हे शब्दप्रयोग आजही जिवंत आहेत, आणि इंग्रज न्यायाधीशांची ती शैली भारतातल्या न्यायालयांनीही उचलली. न्यायमूर्ती एखाद्या प्रश्नाला ‘नाइस’ म्हणतात तेव्हा ते वकिलाचे कौतुक करत नसतात. प्रश्न केसाएवढ्या फरकावर उभा आहे, दोन्ही बाजूंची पारडी जवळजवळ सारखी आहेत, निर्णय सोपा नाही, असे ते सांगत असतात. मुंबईकरांना ओळखीचे उदाहरण द्यायचे तर भाडेपट्टा आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ यांतला भेद घ्यावा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याचे संरक्षण भाडेकरूला मिळे आणि नुसत्या परवानाधारकाला मिळत नसे, त्यामुळे कागदावर नाव काहीही असले तरी जागेचा व्यवहार खरोखर कोणत्या प्रकारचा आहे, यावर माणसाचे घर राहणार की जाणार हे ठरत असे. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक परवानाधारकांना भाडेकरू मानले गेले, पण भाडेपट्टा कोणता आणि परवाना कोणता, हा मूळ भेद त्यानंतरही न्यायालयांना सोडवावा लागतच राहिला. असा भेद म्हणजे ‘नाइस डिस्टिंक्शन’. त्याचे मराठी ‘छान भेद’ असे केले तर वाचक चक्रावेल, आणि ‘न्यायालयाने प्रश्न छान असल्याचे म्हटले’ अशी बातमी छापली गेली तर हरणाऱ्या पक्षालाही क्षणभर आशा वाटेल. ‘सूक्ष्म भेद’, ‘बारकाव्याचा मुद्दा’, ‘नाजूक प्रश्न’ हे मराठी शब्द हाताशी आहेत आणि ते चपखल आहेत.

‘नाइसिटी’ या नामात तर जुना अर्थच टिकून आहे. ‘टु अ नाइसिटी’ म्हणजे तंतोतंत, रतीचाही फरक न पडता, आणि अनेकवचनी ‘नाइसिटीज’ म्हणजे बारकावे किंवा शिष्टाचाराच्या खाचाखोचा. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कागदपत्रे, प्रवासवर्णने किंवा मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे वाचणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकांनीही सावध असावे; एखाद्या समाजाचे लोक खाण्यापिण्याच्या बाबतीत ‘नाइस’ आहेत असे त्या काळच्या साहेबाने लिहिले असेल, तर ते लोक चोखंदळ आहेत, नाना गोष्टी वर्ज्य मानतात, असा त्याचा रोख असण्याची शक्यता अधिक.

रोजच्या बोलण्यातले व्याकरणही एका बरोबरच्या चिन्हात मावत नाही. या विशेषणापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते यावर अर्थ फिरतो. ‘इट वॉज नाइस ऑफ यू टु कम’ यात येणाऱ्याच्या चांगुलपणाची दखल आहे, म्हणून त्याचे मराठी ‘तुम्ही आवर्जून आलात, बरे वाटले’ असे होईल. ‘बी नाइस टु युअर सिस्टर’ म्हणजे ‘बहिणीशी नीट वाग’, आणि इथे ‘छान’ हा शब्द जवळपासही फिरकत नाही. ‘दॅट्स नाइस फॉर यू’ म्हणजे पुष्कळदा ‘तुझे बरे आहे बाबा’, त्यातल्या हलक्या असूयेसकट. पहिल्या भेटीच्या आरंभी ‘नाइस टु मीट यू’ म्हणतात आणि निरोप घेताना ‘नाइस मीटिंग यू’; आपल्याकडे मुलाखतीला जाणारी मुले दार उघडताच दुसरे वाक्य म्हणतात, तेव्हा मुलाखत सुरू होण्याआधीच निरोप घेतल्यासारखे होते. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणजे ‘छान आणि गरम’ असे दोन वेगळे गुण नव्हेत, ते ‘मस्तपैकी गरम’ आहे.

पसंती दाखवणारे विशेषण इंग्रजीत आकाराच्या, वयाच्या, रंगाच्या विशेषणांआधी बसते, म्हणून ‘अ नाइस लिटल हाउस’ कानाला बरे लागते आणि ‘अ लिटल नाइस हाउस’ खटकते. मराठीत ‘छान छोटेसे घर’ आणि ‘छोटेसे छान घर’ ही दोन्ही खपून जातात, त्यामुळे ही सवय आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते. आणखी एक. ‘नाइस’ला ‘व्हेरी’ चालते, ‘ॲब्सोल्यूटली’ सहसा चालत नाही. ‘परफेक्ट’, ‘सुपर्ब’ अशा टोकाच्या विशेषणांचे नेमके उलटे आहे. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘व्हेरी एक्सलंट’ इंग्रजांच्या कानाला खुपते ते याच कारणाने.

या शब्दाला सामाजिक पदरही आहे. ‘अ नाइस गर्ल’, ‘अ नाइस फॅमिली’, ‘अ नाइस एरिया’ यांतला ‘नाइस’ आपल्या ‘चांगल्या घरची मुलगी’मधल्या ‘चांगल्या’सारखा आहे. वरवर गुणवर्णन, आतून वर्गाची, राहणीची आणि मुलीने कसे वागावे याची चौकट. भाषांतर करताना तिथे ‘छान मुलगी’ लिहिले तर ती चौकटच गळून पडते, आणि लेखकाने ती टीका म्हणून मांडली असेल तर टीकाही गळते. टोमण्याचे म्हणाल तर मराठी आणि इंग्रजी या बाबतीत सख्ख्या बहिणी शोभतील. ‘अ नाइस मेस’ म्हणजे ‘छान घोळ घालून ठेवलास’, आणि इथे एकदाचे ते शब्दयादीतले ‘छान’ बरोबर बसते. फक्त बोलताना आवाजाचा चढउतार मदतीला असतो. व्हॉट्सॲपवर कोणाच्या लांबलचक मजकुराखाली नुसते ‘नाइस’ लिहून पूर्णविराम दिला, तर ती दाद आहे की कंटाळा, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

संगणकाच्या जगातले एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही, कारण पुण्यामुंबईतल्या अनेक घरांत ते रोज वापरले जाते. युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींत ‘नाइस’ नावाची एक आज्ञा आहे. लिनक्सवर प्रत्येक चालू कामाला उणे २० पासून १९ पर्यंतचा एक आकडा असतो, आणि हा आकडा जितका मोठा तितके ते काम प्रोसेसरच्या वेळेवर आपला हक्क कमी सांगते आणि इतरांना पुढे जाऊ देते. इथे ‘नाइस’ म्हणजे समजूतदार, दुसऱ्याला वाट देणारा. ज्या कोणाला हे नाव सुचले, त्याने या शब्दाच्या आजच्या स्वभावावर नेमके बोट ठेवले.

इंग्लंडमधल्या शाळांतून निबंधात ‘नाइस’ लिहू नये असा दंडक शिक्षक पिढ्यानपिढ्या घालत आले, आणि तो आपल्या इंग्रजी शाळांतही पोहोचला. त्यामागचा हेतू रास्त आहे. सहलीच्या निबंधात जागा नाइस, जेवण नाइस, बाई नाइस आणि परतीचा प्रवासही नाइस, असे लिहिणाऱ्या मुलाने काहीच पाहिले नाही असे वाटते. पण बंदीने होते काय, तर मूल ‘नाइस’ खोडून तिथे ‘वंडरफुल’, ‘मार्व्हलस’, ‘फॅन्टॅस्टिक’ लिहू लागते, म्हणजे आधी निदान फिके होते ते आता भडक होते, आणि माहिती पूर्वीइतकीच शून्य राहते. वर्गात मी मुलांना ‘नाइस’ लिहू देत असे, मात्र त्याच्या पुढचे वाक्य ‘कारण’ या शब्दाने सुरू करायला लावत असे. जेवण नाइस होते, कारण भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. एवढे लिहून झाल्यावर ‘नाइस’ ठेवायचा की काढायचा, हे मुले आपापले ठरवत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनाही माझे हेच सांगणे आहे. ‘नाइस’ लिहावेसे वाटले तर खुशाल लिहावे, पण तो मुलगा गटातल्या मागे पडलेल्या सोबत्यांना कसा समजावून सांगत असे, किंवा फसलेला प्रयोग त्याने न कुरकुरता पुन्हा कसा केला, हे त्याच्या शेजारी लिहावे.

आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. इंग्रजीच्या सदरात विशेषण देताना बरोबरचे चिन्ह आणि एकच प्रतिशब्द यांवर न थांबता, त्या शब्दाची किमान तीन वेगवेगळ्या प्रसंगांतली वाक्ये आणि त्यांची त्या त्या प्रसंगाला शोभणारी मराठी रूपे छापावीत. न्यायालयीन बातम्या मराठीत आणणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांपर्यंत ‘नाइस’चा कायद्यातला अर्थ पोहोचवता आला तर तेही करावे. सदराला जागा कमी पडत असेल, तर रोज दहा शब्द देण्याऐवजी दोनच द्यावेत.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
सातारा